मुंबई ते लंडन : अंतर किती, वेळ किती?
(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)

आधी एक कबुली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. ‘लॅटिट्यूड-लाँगिट्यूड’ म्हणत मोठी झाले. अक्षांश कुठले आणि रेखांश कुठले हे आजही क्षणभर थांबून आठवावं लागतं. तेव्हा भाषेकडे जरा कानाडोळा करा, गणिताकडे मात्र नका करू. गणित चोख आहे, दोनदा तपासलंय.

विषय साधा आहे. दोन विमानतळ दिले, तर त्यांच्यातलं अंतर किती आणि विमानाला वेळ किती लागेल? मेसमध्ये जेवताना मी हा प्रश्न सात-आठ जणांना विचारला. एकाने मोबाईल काढला (तो बाद!), दोघांनी ‘नऊ-दहा हजार किलोमीटर असेल’ असं ठोकून दिलं आणि एक सिव्हिलवाला म्हणाला, “नकाशावर पट्टी ठेव ना, त्यात काय!” हा लेख मुख्यतः त्या पट्टीवाल्यासाठी आहे.

पट्टी का चालत नाही ते आधी पाहू. मुंबईचा विमानतळ १९.०९ अंश उत्तर, ७२.८७ अंश पूर्व. लंडनचा हीथ्रो ५१.४७ अंश उत्तर, ०.४६ अंश पश्चिम. आता पट्टी ठेवल्यासारखं पायथागोरस लावा. अक्षांशांतला फरक ३२.३८ अंश, रेखांशांतला ७३.३३ अंश (एक पूर्व आणि एक पश्चिम, म्हणून बेरीज). वर्ग करा, मिळवा, वर्गमूळ काढा. ८०.१६ अंश येतात. एक अंश म्हणजे साधारण १११.२ कि.मी., म्हणजे झाले ८,९१४ कि.मी. दिसायला झकास उत्तर, पण खऱ्या अंतरापेक्षा तब्बल सतराशे कि.मी. जास्त! सतराशे कि.मी. म्हणजे मुंबई-दिल्ली आणि वर आणखी अर्धं मुंबई-दिल्ली.

चूक कुठे झाली? रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर १११ कि.मी. असतो, पण जसजसं वर जावं तसतशा रेखावृत्तांच्या रेघा जवळ येत जातात. लंडनच्या उंचीवर तोच एक अंश जेमतेम ६९ कि.मी. उरतो. नकाशा मात्र सगळे अंश सारख्याच रुंदीचे दाखवतो. लायब्ररीत कपाटावर तो धूळ खात पडलेला पृथ्वीगोल आहे ना, तो खाली काढा आणि त्यावर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून धरा. दोरा ज्या वाटेने बसेल ती सर्वांत जवळची वाट. त्या वाटेने गोल पुढे कापत गेलात तर मोसंबीची बरोब्बर दोन अर्धी होतात, कारण काप मध्यबिंदूतून जातो. म्हणून त्याला बृहद्वृत्त किंवा ग्रेट सर्कल म्हणतात.

आता सूत्र. घाबरू नका, एम-थ्रीच्या पेपरापेक्षा सोपं आहे. अ१ म्हणजे मुंबईचा अक्षांश, अ२ म्हणजे लंडनचा, र म्हणजे रेखांशांतला फरक आणि क म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापाशी दोन्ही गावांमध्ये होणारा कोन.

कॉस क = (साइन अ१ × साइन अ२) + (कॉस अ१ × कॉस अ२ × कॉस र)

आकडे घालू :

साइन १९.०९ = ०.३२७१, साइन ५१.४७ = ०.७८२३, गुणाकार ०.२५५८
कॉस १९.०९ = ०.९४५०, कॉस ५१.४७ = ०.६२२९, कॉस ७३.३३ = ०.२८६९, तिघांचा गुणाकार ०.१६८९
बेरीज ०.४२४७

कॉस ज्याचा ०.४२४७ तो कोन ६४.८७ अंश. रेडियनमध्ये १.१३२२. त्याला पृथ्वीच्या सरासरी त्रिज्येने, ६,३७१ कि.मी.ने गुणा. उत्तर ७,२१३ कि.मी. झालं अंतर!

वैमानिकांची आणखी एक मजेशीर सोय आहे. ते किलोमीटर वापरतच नाहीत, नॉटिकल मैल वापरतात. हा मैल मुळात अंशाच्या साठाव्या भागावरूनच ठरला, म्हणून कोन आला की नुसतं साठाने गुणायचं. ६४.८७ गुणिले ६० = ३,८९२ नॉटिकल मैल. त्रिज्या नको, रेडियन नको. मला तर हे पाहून आपल्या किलोमीटरचा रागच आला.

दोन शंका येतील. एक म्हणजे पृथ्वी पूर्ण गोल नाही, ध्रुवांपाशी चपटी आहे. खरंय. विषुववृत्ताशी त्रिज्या ६,३७८ कि.मी., ध्रुवाशी ६,३५७. त्यामुळे आपल्या उत्तरात फार तर अर्ध्या टक्क्याची चूक राहते. विमानाचा मार्ग रोज त्याहून जास्त बदलतो, तेव्हा सोडून द्या. दुसरी शंका जास्त महत्त्वाची. जवळच्या अंतरांना हे सूत्र दगा देतं. मुंबई-पुणे विमानतळांमधलं हवाई अंतर १२४ कि.मी. आहे. त्या कोनाचा कॉस येतो ०.९९९८. तुम्ही चारच दशांश स्थळं ठेवलीत, तर त्या एका आकड्यात ११० पासून १४२ कि.मी.पर्यंतचं काहीही बसतं! जुने दर्यावर्दी लॉग टेबलांवर काम करायचे, त्यांना हे परवडणारं नव्हतं. म्हणून त्यांनी हॅव्हरसाइन नावाचं फलन वापरलं, म्हणजे एक वजा कॉसचं अर्ध. नाव परदेशी आहे, पण एक वजा कॉस ही गोष्ट आपल्याकडे आर्यभटाच्या काळापासून आहे. तिला उत्क्रमज्या म्हणत. ‘साइन’ हा शब्दसुद्धा ‘ज्या’ वरूनच गेला. ज्याचं जीवा झालं, अरबांनी त्याचं जैब केलं, लॅटिनवाल्यांनी जैबचं भाषांतर करून सायनस केलं. बारावीपर्यंत साइन-कॉस घोकले, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं. असो.

आता खरी गंमत सुरू होते. ती ७,२१३ कि.मी.ची रेघ जाते कुठून? मुंबईहून निघताना विमानाचं नाक ३१९ अंशांकडे, म्हणजे वायव्येला. जामनगरच्या आसपासून ती रेघ कराचीजवळ पोचते. पुढे बलुचिस्तान, इराणची पूर्व बाजू, कॅस्पियनच्या खालून कॉकेशस. बरोबर अर्ध्या वाटेवरचा बिंदू ४१ उत्तर, ४५ पूर्व असा येतो, म्हणजे जॉर्जियातल्या तिबिलिसीच्या शेजारी. मग काळा समुद्र, युक्रेन, पोलंड, जर्मनी, लंडन.

पेपर वाचणाऱ्यांच्या लक्षात आलं असेल. या रेघेवरची निम्मी गावं बातम्यांत असतात. २४ फेब्रुवारी २०२२ ला युद्ध सुरू झालं आणि युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद झालं. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपलं आकाश बंद केलं, ३० एप्रिलला भारताने त्यांना बंद केलं आणि त्यानंतर महिन्या-महिन्याने मुदत वाढत गेली. त्याआधी २०१९ मध्येही २७ फेब्रुवारी ते १६ जुलै असं पाकिस्तानचं आकाश बंद होतं. जून २०२५ मध्ये इराण आणि इराकवरची विमानं काही दिवस थांबली. म्हणजे भूमिती सांगते ती सर्वांत जवळची वाट, आणि प्रत्यक्षात तीन-तीन ठिकाणी ‘रस्ता बंद’ची पाटी!

मग वळसा किती पडतो? हेही तेच सूत्र सांगतं, फक्त तुकड्या-तुकड्याने लावायचं. मी वाट मस्कत आणि इस्तंबूलवरून धरली. मुंबई-मस्कत १,५९१, मस्कत-इस्तंबूल ३,३७१, इस्तंबूल-लंडन २,४८९. बेरीज ७,४५१ कि.मी. मला वाटलं होतं हजारभर तरी वाढतील. वाढले फक्त २३८! पुन्हा करून पाहिलं, तेवढेच. कारण मुंबई आधीच खाली आणि समुद्राला लागून आहे, तिला पश्चिमेकडून जाणं फारसं तिरकं पडत नाही.

पण दिल्लीचं करून पाहा. दिल्ली-लंडन सरळ अंतर ६,७३१ कि.मी., मुंबईपेक्षा जवळजवळ पाचशेने कमी. आता पाकिस्तान टाळायचा म्हणून दिल्लीहून आधी अहमदाबादपर्यंत खाली या (७५८), तिथून मस्कत (१,४६५), पुढे तीच वाट. बेरीज ८,०८३. वाढ साडेतेराशे कि.मी.ची, म्हणजे वीस टक्के! ही माझी कागदावरची बेरीज आहे, प्रत्यक्ष मार्ग रोजच्या वाऱ्याप्रमाणे थोडा इकडेतिकडे होतो. पण मुद्दा कळला ना? नकाशावर लंडनला जवळ असलेली दिल्ली एका हुकुमासरशी मुंबईपेक्षा लांब गेली. आणि बंदी फक्त भारतीय कंपन्यांना असल्यामुळे त्याच दिल्लीहून निघणाऱ्या परदेशी कंपनीला ती लागू नाही. एकच शहर, एकच लंडन, पण अंतरं दोन.

आता वेळ. इथे सगळे जण ‘विमानाचा स्पीड ९०० असतो’ म्हणतात आणि भागाकार करून मोकळे होतात. तो ९०० येतो कुठून ते आपण यंत्रवाल्यांनी तरी विचारायला हवं. विमानाचा वेग माखमध्ये मोजतात, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या पटीत. बोइंग ७८७ साधारण माख ०.८५ ने जातं. अकरा किलोमीटर उंचीवर प्रमाण वातावरणात तापमान उणे ५६.५ सेल्सियस, म्हणजे २१६.६५ केल्व्हिन. थर्मोचं सूत्र आठवा : गॅमा, आर, टी यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. १.४ × २८७ × २१६.६५ चं वर्गमूळ २९५ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी १,०६२ कि.मी. त्याचे ०.८५ पट म्हणजे ९०३. आला ना आकडा! थर्मो कुठेतरी उपयोगी पडतं याचा हा लेखी पुरावा, व्हायवाला चालेल.

७,४५१ भागिले ९०३ म्हणजे सव्वाआठ तास. पण तिकिटावर मुंबई-लंडन दहा तासांच्या आगेमागे असतं. उरलेला वेळ कोण खातं?

पहिला मान वाऱ्याचा. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. १९२० च्या दशकात जपानमध्ये वासाबुरो ओइशी यांनी फुगे सोडून सोडून ते मोजले. आपलं संशोधन जगाने वाचावं म्हणून त्यांनी अहवाल एस्पेरांतो या बनवलेल्या भाषेत छापला, आणि नेमका त्यामुळेच तो फारसा कुणी वाचला नाही. (इंग्लिश मीडियमवाल्यांनी नोंद घ्यावी, मीसुद्धा घेतली.)

लंडनला जाताना हा वारा समोरून येतो. समजा पूर्ण वाटेवर सरासरी ताशी ८० कि.मी.चा वारा धरला. जाताना जमिनीच्या हिशेबाने वेग ८२३, वेळ ९ तास ३ मिनिटं. येताना वेग ९८३, वेळ ७ तास ३५ मिनिटं. वारा नसता तर दोन्हीकडून ८ तास १५. म्हणजे जाताना ४८ मिनिटं गेली आणि येताना मिळाली फक्त ४०. आठ मिनिटं कुठे गेली? कुठेच नाही. समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ असता, पाठीमागच्या वाऱ्यात कमी वेळ असता, म्हणून तोटा नेहमी नफ्यापेक्षा मोठा. नदीतल्या बोटीचं आठवीतलं गणित आठवा, तेच हे.

वारा किती मोठा खेळ करतो याचं एक उदाहरण. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलट, पूर्वेकडून पॅसिफिकवरून नेलं. वाट हजार कि.मी.हून जास्त लांब पडली, तरी पाठीवर वारा असल्यामुळे विमान जवळपास दोन तास लवकर पोचलं. अंतर जास्त, वेळ कमी! पट्टीवाल्याने यावर विचार करावा.

दुसरा वाटेकरी म्हणजे दोन्ही टोकं. विमान ९०३ च्या वेगाने थोडंच सुटतं? धावपट्टीपर्यंत रांगेत सरकायचं, चढायचं, शेवटी उतरायचं. उतरण्याचा वैमानिकांचा ठोकताळा असा की दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल. पस्तीस हजार फुटांवरून उतरायला १०५ नॉटिकल मैल, म्हणजे १९५ कि.मी.च्या आसपास लागतात. सातारा ते मुंबई सरळ रेषेत जवळजवळ तेवढंच आहे. दक्षिणेकडून मुंबईला येणारं विमान साताऱ्याच्या डोक्यावर असतानाच खाली यायला लागलेलं असतं. या सगळ्यासाठी ढोबळमानाने चाळीस मिनिटं वाढवायची. म्हणजे जाताना ९ तास ४३ मिनिटं, येताना ८ तास १५. वर कंपन्या उशीर दिसू नये म्हणून थोडी मिनिटं गाठीशी ठेवतात. तिकिटावरचे तास हे दरवाजा सोडल्यापासून दरवाज्याला लागेपर्यंतचे असतात. मुंबई-दिल्ली बघा : १,१३८ कि.मी., नुसतं उडणं सव्वा-दीड तासाचं, पण तिकिटावर दोन तासांच्या वर. जवळच्या प्रवासात विमान कमी उडतं आणि जास्त सरकतं.

तिसरी भानगड घड्याळाची. यात उडण्याचा वेळ बदलत नाही, माणसाचा हिशेब बदलतो. भारत लंडनच्या साडेपाच तास पुढे, मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास, कारण उन्हाळ्यात ते घड्याळ एक तास पुढे करतात. (आणि आपली मुंबई तर १९०६ मध्ये प्रमाणवेळ आल्यावरही बरीच वर्षं स्वतःचं वेगळं घड्याळ चालवत होती, जवळजवळ चाळीस मिनिटं मागे. मुंबईकर तेव्हापासूनच तसे!)

हे घड्याळाचं गणित आमच्या घरात एकदा फार जड झालं होतं. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत सांगलीला माझी आजी गेली, दुपारी चार वाजता. मोठा मामा लंडनजवळ राहतो. अग्नी त्यानेच द्यायचा असं आजी शेवटपर्यंत सांगत होती. तासाभरात त्याचा फोन आला की तिकीट मिळालं, इथून रात्री साडेनऊचं विमान आहे, इतकं सांगून तो बॅग भरायला गेला. इकडे वाड्यात चर्चा सुरू. एक काका म्हणाले, “साडेनऊला निघालं, नऊ तास धरले, म्हणजे सकाळी साडेसहाला मुंबईत. दुपारी तीनला सांगलीत. चारला उचलायचं.” दुसरे म्हणाले, “एवढं थांबणं बरं नव्हे, सकाळीच उरकू, तो तेराव्याला येईल.” गुरुजींनाही वेळ सांगायची होती, बर्फाचंही बघायचं होतं. आजोबा काहीच बोलत नव्हते. मग मला म्हणाले, “पोरी, तू इंजिनियरिंग शिकतेस ना? किती वाजतील त्याला? नक्की सांग.”

मी वहीच्या मागच्या पानावर केलं. लंडनचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे आपले पहाटेचे तीन. येताना वारा पाठीशी, साडेआठ तास धरले. म्हणजे साडेअकराला मुंबई. बाहेर पडायला एक तास. मुंबई-सांगली गाडीने आठ तास, घाट धरून. साडेआठ ते साडेनऊ रात्री, त्याच्या आत नाही. काकांच्या हिशेबाने चारला सगळे स्मशानात जाऊन उभे राहिले असते आणि मामा तेव्हा जेमतेम पुण्याच्या पुढे असता. हे मी सांगितल्यावर शांतता झाली. थोरल्या मावशीने विचारलं, “पण साडेनऊपर्यंत नक्की?” मी म्हटलं, विमान वेळेवर सुटलं तर नक्की. आजोबा म्हणाले, “मग थांबायचं.” बर्फ दुप्पट मागवला. मामा सव्वानऊला दारात आला.

विमानात हाच हिशेब इंधनाचा असतो. वैमानिक मुंबईहून निघताना लंडनपुरतंच इंधन भरत नाही. वाटेचं भरतो, त्यावर वाऱ्या-वळशासाठी साधारण पाच टक्के, लंडनला उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळापर्यंतचं वेगळं, आणि शेवटी काही झालं तरी हात न लावायचं अर्ध्या तासाचं. मग टाक्या काठोकाठ का भरत नाहीत? कारण इंधनाला वजन असतं आणि वजन वाहायला इंधन लागतं. ७८७ सारखं विमान ताशी पाच टनांच्या आसपास जाळतं. लांबच्या प्रवासात जास्तीच्या इंधनाचा चांगला वाटा ते इंधन वाहून नेण्यातच जळतो. म्हणून अंतर आणि वेळ नेमकी लागते.

आणि नेमकी निघाली तरी एकक चुकलं की काय होतं, हे आपल्या सगळ्यांच्या जर्नलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावं असं आहे. २३ जुलै १९८३. एअर कॅनडाचं नवंकोरं बोइंग ७६७, माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं. इंधन दाखवणारे काटे बंद होते, म्हणून टाकीत पट्टी बुडवून मोजलं. ७,६८२ लिटर होतं. हवं होतं २२,३०० किलो. लिटरचे किलो करायला त्यांनी १.७७ ने गुणलं. पण १.७७ हे लिटरचे पौंड करायचं गुणक, किलोचं ०.८ च्या आसपास. कॅनडा तेव्हा पौंडाकडून किलोकडे चाललं होतं, जुन्या विमानांत पौंड आणि या नव्यात किलो. हिशेब आला : ७,६८२ × १.७७ = १३,५९७ ‘किलो’ आहेत, उरलेले ८,७०३ हवेत, म्हणजे ४,९१६ लिटर भरा. प्रत्यक्षात २०,०८८ लिटर भरायला हवं होतं! ओटावाला पुन्हा पट्टी बुडवली, पुन्हा त्याच १.७७ ने गुणलं. चुकीचं गणित चुकीच्या पद्धतीने तपासलं तर बरोबरच येतं, हे आपल्याला सबमिशनच्या आदल्या रात्री चांगलं माहीत आहे.

४१ हजार फुटांवर आधी एक इंजिन बंद पडलं, मग दुसरं. विमानात ६९ माणसं. नशिबाने कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांना ग्लायडर चालवायचा सराव होता. सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांना जवळच्या गिमली गावातला हवाई दलाचा जुना तळ ठाऊक होता. इंजिनाशिवाय तरंगत त्यांनी ते अवजड विमान तिथे उतरवलं. त्या धावपट्टीवर तेव्हा मोटारींच्या शर्यती चालायच्या! कुणीही दगावलं नाही. सगळ्यांचं नशीब असं नसतं. २५ जानेवारी १९९० ला कोलंबियाहून न्यूयॉर्कला आलेलं अवियांकाचं बोइंग ७०७ धुक्या-पावसात तासाहून जास्त घिरट्या घालत राहिलं. इंधन संपत आलंय हे त्यांनी सांगितलं, पण ‘आणीबाणी’ हा शब्द काही उच्चारला नाही. उतरण्याआधीच टाक्या कोरड्या पडल्या आणि ७३ माणसं गेली. तिथे अंतर बरोबर होतं, वेळ हाताबाहेर गेली.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. अमेरिकेतलं न्यूअर्क, ४०.६९ उत्तर, ७४.१७ पश्चिम. मुंबईचे आकडे वर आहेत. कॉस उणे येईल, दचकू नका, कोन ९० अंशांच्या वर आहे इतकंच. उत्तर १२,५४६ कि.मी.च्या आसपास यायला हवं आणि निघताना नाक ३३३ अंशांकडे, म्हणजे अमेरिकेला जायला जवळजवळ उत्तरेला! कुणाचं २,४०० कि.मी. आलं, तर त्याने पश्चिमेला पूर्व समजून रेखांशांची बेरीज करायच्या जागी वजाबाकी केली. त्याचं विमान किर्गिझस्तानच्या डोंगरात उतरेल. आणि उत्तर याहूनही चमत्कारिक आलं, तर कॅल्सी रेडियन मोडमध्ये आहे का ते बघा.